वटवट्यांसाठी घेतलेली ८×४२ दुर्बीण: एका हंगामानंतर

पावसाळा संपताना घेतलेली ही दुर्बीण (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी व्यासाच्या भिंगांची) आता पर्ण वटवट्यांचा, म्हणजे पानांत वावरणाऱ्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांचा (leaf warblers), एक हिवाळी हंगाम वापरून झाली आहे. वजन, पकड आणि दृष्टिक्षेत्र यांविषयी माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते भिंगांच्या पिवळसर छटेविषयी.

दुर्बीण उलटी धरून मोठ्या भिंगांतून पांढऱ्या कागदाकडे पाहिले की ही छटा लगेच कळते. धनेशासारखा मोठा पक्षी पाहणाऱ्याला तिचा त्रास होणार नाही. परंतु आंबोलीच्या जंगलात ‘ग्रीनिश’ आणि कॉकेशस परिसरात वीण करणारा ‘ग्रीन’ हे दोन वटवटे वेगळे करायचे असतात, तेव्हा भुवई, गाल आणि गळा यांवरचा पिवळेपणा हीच मुख्य दृश्य खूण असते. पानांतून झिरपणारा उजेड पक्ष्याला आधीच हिरवट-पिवळा करतो. त्यात भिंगांनी भर घातली की मळकट पांढऱ्या गळ्याचा ग्रीनिशही ‘ग्रीन’ वाटू लागतो. विक्रेत्याने मात्र हा भिंगांवरील लेपाचा गुणधर्म आहे, दोष नव्हे, असे सांगून दुर्बीण बदलून देण्यास नकार दिला. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल असे उत्तर मिळाल्याचा राग अजून गेलेला नाही.

तरीही हिवाळा सरत आला तसे माझे मत बरेच निवळले. तोवर पिसे झिजून पंखावरची फिकट पट्टी पुसट होते, काही पक्ष्यांत दिसेनाशीच होते, आणि रंगावर विसंबणे कोणत्याही भिंगातून धोक्याचे ठरते. निर्णय आवाजावर येतो: ग्रीनिशची दोन स्वरांची ‘ची-स्वी’, ग्रीनची बहुधा तीन स्वरांची हाक, आणि ‘लार्ज-बिल्ड’ या आणखी एका पर्ण वटवट्याची दुसरा स्वर चढवणारी संथ शीळ. पक्षी हाक देईपर्यंत त्याला शेंड्यातल्या पानांत नजरेआड होऊ न देणे हे दुर्बिणीचे खरे काम, आणि ते ही दुर्बीण उत्तम करते. फोकसचे चाक एका बोटाने, न अडखळता फिरते. सावलीतही ‘वेस्टर्न क्राउन्ड’ या वटवट्याच्या डोक्यावरचा मधला फिकट पट्टा स्वच्छ उमटतो, आणि लार्ज-बिल्डची डोळ्यातून जाणारी गडद रेघ ठसठशीत दिसते.

छटा नसलेल्या भिंगांसाठी जवळपास तिप्पट किंमत मोजण्याची माझी तयारी नाही, त्यामुळे पुढच्या हंगामातही हीच दुर्बीण वापरणार आहे. खरेदीपूर्वी कागदाची परीक्षा मात्र दुकानातच करून घ्यावी, कारण नंतर कोणी ऐकून घेत नाही.