जुन्या प्रवास-पोस्टरांच्या धर्तीची सुट्टीची पोस्टकार्डं: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीत बहिणीकडे बंगळुरूला जायचं ऐन वेळी रद्द झालं. भाचा रुसला. त्याची समजूत काढायला म्हणून वीस कार्डांचा हा संच ऑनलाइन मागवला, ३९९ रुपयांना. आता जून संपत आला. सोळा कार्डं टपालात पडली, चार उरली आहेत.

आधी चित्रांबद्दल, कारण पैसे त्यांचेच दिले होते. १९२० ते १९४०च्या सुमारास रेल्वे कंपन्या प्रवासाला बोलावणारी जी पोस्टरं काढायच्या, त्या धर्तीवर ही चित्रं नव्याने काढली आहेत: माथेरानची गाडी, हंपीचा दगडी रथ, दार्जिलिंग, विजापूरचा गोल घुमट. ती पोस्टरं शिळाछापाची असायची. म्हणजे प्रत्येक रंगासाठी दगडावर वेगळं चित्र, आणि कागद तितक्या वेळा छापायचा. रंग वाढला की खर्च वाढला. त्यामुळे चित्रकार मोजक्याच सपाट रंगांत काम उरकायचे.

मला हे फार जवळचं वाटतं. मी सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या डिझाइनचं काम करते. आमच्याकडेही बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, एक रंग वाढवायचा म्हटलं की सूत, वेळ, माग, सगळ्याचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. तीन रंगांत मोर कसा उभा करायचा, हा माझा रोजचा प्रश्न. गोल घुमटाच्या कार्डावर तो सुंदर सोडवलाय. घुमट एका पिवळट रंगात, त्याची सावली जांभळी, मागे नारिंगी आभाळ. दगडाचा एकही सांधा काढलेला नाही. खाली पायऱ्यांपाशी तिळाएवढी दोन माणसं आहेत, आणि त्या दोन तिळांमुळेच घुमट केवढा आहे ते कळतं. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर, शाळेच्या सहलीपासून मी चारदा जाऊन आलेय. तिथे मान मागे टाकून वर बघताना जे वाटतं, ते या तळहाताएवढ्या कागदावर आलंय.

भाच्याने पहिल्याच उत्तरात विचारलं, "मावशी, सावली जांभळी कशी असेल?" त्याला पुढच्या कार्डावर लिहिलं की संध्याकाळी तुमच्या गच्चीवर जा आणि पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट बघ. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार सुरू आहे. हा खरा फायदा.

आता पाठीची बाजू. इथे मात्र निराशा झाली. कार्ड लिहायला असतं, हे बनवणाऱ्याच्या लक्षातच आलं नसावं. पुढे लॅमिनेशनची पातळ फिल्म आहे ते ठीक, पण मागेही चकचकीत लेप दिलाय. शाईच्या पेनाने लिहिलं तर अक्षरांचे थेंब होतात. जेल पेनाने लिहून दहा मिनिटांनी बोट फिरवलं, 'प्रिय'चा काळा ढग झाला. साधा जाड टोकाचा बॉलपेन चालतो, तोही दाबून. टपालाच्या शिक्क्याचंही तेच. बहिणीने फोटो पाठवला, त्यात शिक्क्याची तारीख मजकुरावर पसरली होती. शिवाय डावीकडची निम्मी जागा जाहिरात आणि बारकोडने खाल्लीय. पूर्वी कार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती. पत्ता आणि मजकूर शेजारी-शेजारी लिहायची सोय आधी ब्रिटनने १९०२ मध्ये दिली. एवढ्या खटपटीने मिळालेली ती अर्धी बाजू बारकोडला देऊन टाकायची, याचं वाईट वाटतं. पिनकोडचे सहा चौकोनही नाहीत, ते मी पट्टीने आखून घेते.

आकार १५ बाय १० सेंटीमीटर, म्हणजे पोस्टाच्या साध्या कार्डापेक्षा मोठा. पन्नास पैशांच्या हिशोबात न पडता मी सरळ पत्राचं पाच रुपयांचं तिकीट लावलं. एकही कार्ड बैरंग झालं नाही, म्हणजे कमी तिकिटापायी कुणाला दंड भरावा लागला नाही.

सोलापूरचा उन्हाळा या कार्डांना सोसत नाही. एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेली कार्डं पाठीकडे वळून पन्हाळीसारखी झाली. कोरड्या हवेत कागद आक्रसतो, पुढची फिल्म आक्रसत नाही, म्हणून असं होतं. दोन जाड वह्यांखाली आठवडाभर दाबली तेव्हा सरळ झाली. हंपीचं एक कार्ड पश्चिमेच्या खिडकीत लावलं होतं. दोन महिन्यांत त्याचं नारिंगी आभाळ राखाडी झालं. छपाईतला लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो, त्यामुळे रथ आता भर पावसाळ्यात उभा असल्यासारखा दिसतो. आमच्या घरी आईच्या लग्नातली मयूरपंखी चादर आहे, आजवर किती वेळा धुतली त्याला गणती नाही, पण तिचा लाल अजून लालच आहे. पक्क्या रंगाची सवय असलेल्या गावात हे फार खुपतं. भिंतीवर लावणार असाल तर ऊन न येणारी भिंत निवडा.

संचात सोलापूर नाही, हीही एक हळहळ. सिद्धेश्वर तलावात उतरलेलं देवळाचं प्रतिबिंब चार रंगांत सहज बसलं असतं.

विक्रेत्याला मी पाठ साध्या, लेप नसलेल्या कागदाची करा आणि बारकोड वेष्टनावर छापा असं कळवलंय. तेवढं केलं तर दुसरा संच लगेच घेईन. उरलेल्या चारांपैकी तीन कार्डं भाच्याला जातील. चौथं गोल घुमटाचं आहे, संचात ते दोनदा आलं होतं. ते कारखान्यातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये ग्राफच्या वहीत ठेवलंय.