गाठ जाळण्याआधी संगणकावर जाळून पाहिली : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचं काम करते. वय किंवा दम्यामुळे ज्यांची छाती उघडता येत नाही, अशांच्या फुप्फुसातली लहान गाठ आम्ही मायक्रोवेव्हने जाळतो. सीटीवर बघत बघत बरगड्यांमधून सुईसारखा अँटेना गाठीत न्यायचा आणि भोवतालचा भाग तापवायचा. ६० अंशांना पेशी जवळजवळ लगेच मरतात. ४३ अंशांना तेवढ्याच परिणामासाठी २४० मिनिटं धरतात. गाठीबाहेरची निदान ५ मिलिमीटर, जमलं तर १० मिलिमीटर कडसुद्धा जळायला हवी, नाहीतर गाठ पुन्हा डोकं वर काढते.

गेले आठ महिने प्रत्येक केस आम्ही आधी सिम्युलेशनवर करून बघतो. रुग्णाच्या सीटीवरून गाठ आणि रक्तवाहिन्या आखायच्या, अँटेनाची वाट दाखवायची, वॉट आणि मिनिटं भरायची. आत पेन्स यांचं १९४८ सालचं समीकरण सुटतं: उष्णता किती आली, किती पसरली, रक्ताने किती वाहून नेली. आमच्या वर्कस्टेशनवर उत्तर यायला दहा-बारा मिनिटं लागतात.

पहिले दोन महिने मी वैतागले होते. पडद्यावर सुरेख मोठा लाल गोळा दिसायचा आणि प्रत्यक्षात सीटीवर कड कमी भरायची. कारण सापडलं ते सेटिंगमध्ये तीन पानं आत. ऊतक म्हणून तिथे यकृत निवडलेलं होतं! मशीनबरोबर येणारे वॉट-मिनिटांचे तक्तेही बहुतेक वेळा प्राण्यांच्या काढलेल्या यकृतावरच्या प्रयोगांतून बनलेले असतात. पण फुप्फुसात हवा असते. मायक्रोवेव्हच्या २.४५ गिगाहर्ट्झ या वारंवारतेला फुगलेल्या फुप्फुसाचा सापेक्ष परावैद्युतांक (विद्युत क्षेत्राला ऊतक किती प्रतिसाद देतं त्याचं माप) साधारण २०, हवा गेलेल्याचा ४८ च्या आसपास. म्हणजे एकाच अवयवाच्या दोन अवस्थांत दुपटीहून जास्त फरक. भरीव गाठ हवेत बसलेली म्हणजे गोधडीत गुंडाळलेलं पातेलं. आतून झटकन तापतं, पण बाहेरच्या कडेपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो, आणि आपल्याला तर नेमकी ती कडच हवी असते. सेटिंग बदललं तर नवी केस उघडताच ते परत यकृतावर जातं. रुग्णाच्या जिवाशी संबंधित गोष्टीत हा निष्काळजीपणा मला अजिबात पटत नाही. शेवटी आमच्या टेक्निशियनने मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे, ‘ऊतक बघा’, आणि रन सुरू करण्याआधी तो ती मोठ्याने वाचतो.

हे दुरुस्त केल्यावर मात्र सॉफ्टवेअरची खरी किंमत कळली. दांडिया बाजारातले सत्तरी ओलांडलेले एक काका होते. उजव्या खालच्या खंडात १८ मिलिमीटरची गाठ, तिला खेटून ४ मिलिमीटरची शीर. मी त्यांना पडद्यावर दाखवलं, “काका, हा लाल भाग जळणार.”

ते चष्मा सारखा करून म्हणाले, “आणि या अंगाला उंदराने कुरतडल्यासारखं का दिसतंय?”

“तिथे शीर आहे. त्यातलं वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं.”

“मग सुई तिकडे सरकवा की, ताई.”

मी तेच करून ठेवलं होतं. पुढचं चित्र दाखवलं, अँटेना शिरेकडे ४ मिलिमीटर सरकवलेला. लाल भाग तिथे भरून आला होता. ३ मिलिमीटरहून मोठी वाहिनी शेजारी असली की असं कुरतडलं जाणार हे आम्हाला पुस्तकातून माहीत असतंच. पण ते याच माणसाच्या छातीत, याच बाजूला, आदल्या दिवशी दिसणं वेगळं. काकांच्या सहा महिन्यांच्या सीटीत जळलेला भाग आक्रसत चाललाय, कडेला नवं काही नाही.

श्वासापुढे मात्र सॉफ्टवेअर हात टेकतं. योजनेचा सीटी उताणं झोपवून, श्वास भरून काढलेला. प्रक्रिया पालथं झोपवून, संथ श्वासावर. खालच्या खंडातली गाठ तेवढ्यात बरीच सरकते. म्हणून आता प्रक्रियेच्याच स्थितीत पुन्हा सीटी काढून गणित नव्याने चालवतो. रुग्णाला अर्धा तास जास्त पडून राहावं लागतं, ते सोपं नसतं. एका केसमध्ये सुई जाताच छातीत हवा भरली, फुप्फुस आत बसलं, आणि योजनेचा काही उपयोग राहिला नाही. पडदा बंद केला आणि सीटी बघत हाताने काम केलं.

नव्याने वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जळलेलं ऊतक आक्रसतं, त्यामुळे नंतरच्या सीटीवरचं माप योजनेपेक्षा कमी भरतं. उलट, लगेच दिसणारं धुरकट वलय सगळं मेलेलं आहे असं समजू नका, त्याच्या बाहेरच्या भागात जिवंत पेशी असू शकतात. या दोन्हींमुळे मी सुरुवातीला सॉफ्टवेअरला कधी नको तेवढा दोष दिला, कधी नको तेवढं श्रेय.

परवाना आम्ही आणखी वर्षभरासाठी घेतलाय. ऊतक निवडल्याशिवाय रन सुरूच होऊ नये, ही मागणी कंपनीकडे लेखी दिली आहे.