ट्रॅकवरची जुनी मारुती एस्टीम: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने इंधन देणारे) इंजिन असलेली एक जुनी मारुती एस्टीम मी गेल्या वर्षी ठाण्यातील एका कुटुंबाकडून विकत घेतली आणि रबाळे व तळोजा येथील कारागिरांकडून ती ट्रॅकसाठी तयार करून घेतली. तेव्हापासून चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे या दोन ठिकाणी, हौशी चालकांच्या शर्यतींत आणि सरावाच्या दिवसांत, मी ती चालवत आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत ठाम झाले आहे की ही गाडी आजही नव्या आणि जास्त ताकदीच्या हॅचबॅकना गाठू शकते, पण इंजिनाच्या जोरावर नव्हे. तिचे भांडवल म्हणजे तिचे कमी वजन. त्या वजनाचा फायदा ब्रेक, टायर आणि वळण यांत उतरवण्यासाठी केलेला खर्च वसूल होतो. इंजिनातून आणखी दहा अश्वशक्ती काढण्यासाठी केलेला खर्च सहसा होत नाही.

एस्टीम १९९४ साली बाजारात आली आणि २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. माझ्या गाडीचे इंजिन १२९८ सीसीचे, ८५ अश्वशक्तीचे आहे आणि मूळ वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास आहे. तुलनेसाठी फोक्सवॅगन पोलोची १.२ टीएसआय (टर्बो इंजिनाची) घेतली, तर तिची ताकद १०५ अश्वशक्ती आणि वजन अकराशे किलोंपेक्षा थोडे जास्त. टनामागे अश्वशक्ती काढली की दोन्ही गाड्या ९५ ते ९७ च्या घरात येतात, म्हणजे कागदावर बरोबरीच्या ठरतात. प्रत्यक्षात पोलोचा टर्बो खालच्या आरपीएमपासून जोर लावतो, त्यामुळे ३.७ किलोमीटरच्या चेन्नईच्या ट्रॅकवरील सरळ भागात ती दूर जाते. २.१ किलोमीटरच्या कारीवर मात्र हिशेब बदलतो, कारण तिथे वळणे एकामागून एक येतात आणि लॅपचा मोठा भाग ब्रेक लावण्यात व वळण घेण्यात जातो.

माझ्या मते या गाडीचा सर्वांत मोठा गुण ब्रेकमध्येच आहे. चालक आणि रोल केज (चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) धरून माझी गाडी साधारण ९०० किलो भरते असे समजा, आणि तशाच तयारीची नवी हॅचबॅक ११५० किलो. ताशी १४० किलोमीटरवरून ६० वर येताना पहिल्या गाडीच्या ब्रेकना सुमारे ५५५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, तर दुसरीच्या ब्रेकना सुमारे ७१०. हा फरक प्रत्येक लॅपमध्ये, प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला, पुन्हा पुन्हा साचत जातो. पहिल्या दोन-तीन लॅपमध्ये तो जाणवत नाही. शर्यतीच्या उत्तरार्धात समोरची जड गाडी दर लॅपला थोडी आधी ब्रेक लावू लागते, आणि माझी ब्रेक लावायची खूण मात्र पहिल्या लॅपला होती तिथेच राहते. मी ज्या जागा मिळवल्या आहेत त्यांतील बहुतेक अशाच मिळाल्या आहेत.

अर्थात त्यासाठी ब्रेकची तयारी नीट हवी. पुढचे डिस्क आणि मागचे ड्रम मूळ मापाचेच ठेवले आहेत. पुढे जास्त तापमान सोसणारे पॅड घातले आणि पुढच्या बंपरमधील फॉगलॅम्पच्या जागेतून लवचिक नळीने हवा थेट डिस्कच्या मध्यभागी नेली. ब्रेक ऑइलकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजे असताना २३० अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. खाडीकाठच्या नवी मुंबईत, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ऑइल किती लवकर पाणी ओढत असेल याचा विचार करावा. म्हणून प्रत्येक शर्यतीआधी पूर्ण ऑइल बदलतो आणि उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवत नाही. जुन्या ऑइलवर जोरात गाडी चालवली की पेडल आधी मऊ होते आणि मग एकदम खोल जाते. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे आणि ते यांत मिसळायचे नसते, हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे, कारण नावाच्या साम्यामुळे ते हातात येऊ शकते.

दुसरा वसूल होणारा खर्च अलाइनमेंटचा. मूळ गाडीत पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल, जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे वळणात गाडी कलली की टायरची बाहेरची कड रगडली जाते आणि आतला अर्धा भाग नुसता फिरत राहतो. कॅम्बर बोल्ट लावून पुढे सुमारे उणे दोन अंश (चाकाचा वरचा भाग आत कललेला) घेतले. टो, म्हणजे चाके पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते, तपासण्यासाठी आम्ही गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर मासेमारीची दोरी ताणतो, ती मागच्या आणि पुढच्या हबपासून मोजून समांतर करतो आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून स्टीलच्या पट्टीने अंतर घेतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दिसतो. वेळ लागतो, पण ट्रॅकवर पोचल्यावर, ट्रकच्या प्रवासात काही हलले असेल तर, हेच काम मोकळ्या पार्किंगमध्ये करता येते.

लॅप संपवून पिटमध्ये येताच टायरच्या रबरात सुई टोचून आत, मध्ये आणि बाहेर असे तीन ठिकाणी तापमान घेतो. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडी गरम असेल तर कॅम्बर बरोबर. मधला भाग दोन्हींपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. हलक्या गाडीला हवा कमी लागते, हे बहुतेकांच्या पचनी पडत नाही. मी थंड असताना २४ पीएसआयपासून सुरुवात करतो आणि टायर तापले की ते तिशीच्या आसपास येते. १३ इंची चांगले सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे टायर) मिळवणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत आहे. दुकानदार १४ इंची रिम सुचवतात, पण त्यामुळे प्रत्येक चाकाचे वजन वाढते आणि गिअरिंग लांबते, म्हणून मी अजून तरी १३ वरच ठाम आहे.

इंजिन मुद्दाम मूळ स्थितीजवळ ठेवले आहे. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, रेडिएटर आणि सर्व होस नवे घातले. चांगल्या पकडीच्या टायरवर लांब वळण घेताना तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका बाजूला जाते आणि पंपाची जाळी उघडी पडून क्षणभर हवा ओढते, म्हणून रबाळ्याच्या एका कारागिराकडून चेंबरच्या आत आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. तेव्हापासून ऑइल प्रेशरचा काटा वळणात स्थिर राहतो, आणि माझ्या लेखी संपूर्ण गाडीवरचे हे सर्वांत मोलाचे काम आहे.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय जुन्या गाड्यांसाठी महत्त्वाचा आहे. इथेनॉलला सोसणारे होस तर घालावेच लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचे वजनाने १४.७ ला १ असे प्रमाण लागते, ई-२० ला साधारण १३.५. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ईसीयू (इंजिनाचा संगणक) हे सावरू शकतो, परंतु पूर्ण थ्रॉटलवर तो सेन्सरकडे न पाहता ठरलेल्या नकाशानुसार इंधन देतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते, म्हणजे इंधन कमी पडते, आणि तेही नेमके जिथे इंजिनावर सर्वाधिक ताण असतो तिथे. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे आठ टक्के जास्त इंधनासाठी दाब सुमारे १७ टक्के वाढवावा लागतो. समायोजित होणारा रेग्युलेटर बसवून आणि हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरवर पाहून मी हा दाब जुळवून घेतला आहे.

आता पत्र्याबद्दल, कारण जुन्या हलक्या गाडीचा शेवट बहुधा तिथेच होतो. वजन कमी ठेवायचे म्हणजे पत्रा पातळ, आणि आपल्याकडची खारी हवा त्याला सोडत नाही. बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या स्ट्रट टॉवरचा (सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे बसते त्या भागाचा) सांधा, दारांखालचे पोकळ सिल आणि जॅक लावायच्या जागा टोकदार हातोडीने ठोकून पाहाव्यात. गाडी घ्यायच्या आधी माझ्या मिस्त्रींनी मला एवढेच सांगितले होते, "दादा, कार्पेट उचला आणि ठोकून बघा, रंग कुणीही मारून देतो." टॉवर कुजलेला असेल तर अलाइनमेंट कितीही अचूक करा, वळणात ते हलणारच. कुजलेला भाग पूर्ण कापून नवा पत्रा छोट्या-छोट्या टाक्यांनी मिग वेल्डिंगने जोडावा. एकसंध लांब वेल्ड मारला की पातळ पत्रा ओढला जातो. रोल केजच्या मुख्य कमानीसाठी एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांप्रमाणे ४५ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची किंवा ५० मिलिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची सीमलेस कार्बन स्टीलची नळी लागते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात चौकशी करताना सीमलेस आणि साधी वेल्डेड नळी यांत गल्लत होऊ देऊ नये. केजमुळे वजन वाढते, पण काढून टाकलेल्या सीट, कार्पेट आणि दारांच्या पॅडिंगने ते भरून निघते आणि बॉडीचा पीळ कमी होतो.

अशी गाडी रस्त्यावर चालवायची नसते. ती फ्लॅटबेडवरून ट्रॅकवर जाते आणि फ्लॅटबेडवरून परत येते. चेन्नईपर्यंतचा तेराशे किलोमीटरचा प्रवास हा वर्षभराच्या खर्चातील सर्वांत जड भाग आहे. तरीही नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर रात्री आपली कला दाखवणाऱ्या तरुणांना मी कळकळीने सांगेन की एफएमएससीआय या भारतीय मोटरस्पोर्ट संघटनेचा परवाना, प्रमाणित हेल्मेट आणि एक दिवसाची ट्रॅकची फी यांचा खर्च त्यांच्या एका साउंड सिस्टीमपेक्षा जास्त नाही.

सुट्या भागांची स्थिती अजून बरी आहे. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, हब बेअरिंग नवे मिळतात. दारे, काचा आणि गिअरबॉक्स कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावे लागतात आणि तिथे स्वतः उभे राहून निवडावे लागते. माझ्या गिअरबॉक्समधील दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी) वयोमानाने झिजली आहे, आणि तिसऱ्यातून खाली येताना डबल क्लच करावे (न्यूट्रलमधून जाताना क्लच दोनदा दाबावा) लागते. मूळ डिफरन्शियल 'ओपन' प्रकारचे, म्हणजे चाकाची घसरण न रोखणारे असल्यामुळे घट्ट वळणातून बाहेर पडताना आतले चाक थोडे सुटते, पण त्यासाठी एलएसडीचा (ही घसरण रोखणाऱ्या डिफरन्शियलचा) खर्च सध्या मला पटत नाही. कुर्ल्याहून आणलेला दुसरा गिअरबॉक्स तळोज्याच्या गॅरेजमध्ये उघडून ठेवला आहे. दोन्हींतले चांगले भाग निवडून पुढच्या हंगामाआधी त्यातून एक बांधला जाईल.