कुत्र्याच्या सांध्यांचं सप्लिमेंट घेताय? "थोडा वेळ द्या मॅडम" हा खेळ आधी समजून घ्या

सांध्यांच्या गोळ्या, पावडरी विकणारे सगळेच चोर असतात असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. पण आम्हाला ज्यांनी लुबाडलं त्यांनी सरळ खोटं फार कमी वेळा सांगितलं, अर्धं खरं सांगून सांगून गंडवलं, म्हणून हे सगळं नीट लिहितेय.

आमची चिंगी लॅब्रॅडॉर, वयस्कर, हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) आधीपासूनच आणि त्यावर आता ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज. डॉक्टरांनी एक्स-रे काढून, रक्त तपासून कार्प्रोफेन हे कुत्र्यांचं पेनकिलर सुरू केलेलं आणि वजन उतरवा म्हणून बजावलेलं. ती बऱ्यापैकी चालत होती, फक्त झोपून उठताना मागचे पाय आखडायचे. तेवढ्यात मोबाईलवर ती जाहिरात यायला लागली, आधी लंगडणारा कुत्रा आणि मग तोच धावतोय, खाली लिहिलेलं की पेनकिलरने लिव्हर जातं, आमचं मात्र शंभर टक्के नॅचरल. आता कार्प्रोफेनचा काही कुत्र्यांच्या लिव्हरवर, पोटावर परिणाम होऊ शकतो हे खरंच आहे, त्यासाठीच तर डॉक्टर मधूनमधून रक्त तपासायला लावतात, पण जाहिरातीत तपासणीचं नाव नाही, नुसती भीती.

ऑर्डर केल्यावर चॅटवर एक "मोबिलिटी एक्स्पर्ट" बाई आल्या, फारच गोड बोलायच्या. पहिलाच सल्ला काय, तर पेनकिलर बंद करा, नाहीतर आमच्या प्रॉडक्टचा फरक तुम्हाला कळणार कसा! ऐकायला अगदी पटतं ना? पण याचा अर्थ असा की दुखणाऱ्या कुत्रीचं दुखणं थांबवणारी एकमेव गोष्ट काढून घ्यायची आणि वाट बघत बसायचं. पुढे चिंगी जिना टाळायला लागली, बसताना एका बाजूला कलायची, पुढच्या पायाचं मनगट चाटत राहायची. बाईंना सांगितलं तर म्हणे हा डिटॉक्स फेज आहे, आधी थोडं वाढतं मग उतरतं, आणि हिचं वजन जास्त आहे तर डोस डबल करा. डबल म्हणजे डबे पण डबल, हे ओघाने आलंच.

आणि मग ते लाडकं वाक्य, "थोडा वेळ द्या मॅडम." ग्लुकोसामाईन, कॉन्ड्रॉइटिन (सांध्यांच्या कूर्चेतले घटक) वाल्या सप्लिमेंटचा काही परिणाम झालाच तर तो दिसायला चार ते सहा आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात, असं चांगले डॉक्टरही सांगतात, म्हणून आपण गप्प बसतो. त्यांचं गणित नेमकं तिथेच होतं. गॅरंटी होती नव्वद दिवसांची, ठळक अक्षरात, पण बारीक अक्षरात लिहिलेलं की दिवस ऑर्डर केल्या तारखेपासून मोजणार, तक्रारीआधी पूर्ण कोर्स झालेला पाहिजे, आणि रिफंड मिळेल तो फक्त सील न फोडलेल्या डब्यांचा! म्हणजे खाऊ घातलं तर पैसे परत नाहीत, आणि नाही घातलं तर कोर्स पूर्ण नाही. माझ्या नवऱ्याने हे मोठ्याने वाचलं आणि पहिल्यांदा तर हसूच आलं आम्हाला. मुदत संपेपर्यंत बाई रोज उत्तर द्यायच्या, मुदत संपली तशा गायब. वर ऑटो-रिन्यूचा टिक आधीच लावून ठेवलेला, तो बंद करायचं बटण शोधून सापडेना, शेवटी बँकेला सांगून कार्डच ब्लॉक केलं. बँकेकडे तक्रार टाकली आहे, बघू.

मग डबा घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लेबलचा आकडा बघितला, "ग्लुकोसामाईन ५०,००० मिग्रॅ", आणि विचारलं, कशात? खाली टिचभर अक्षरात होतं, प्रति किलो. एक च्यू, म्हणजे चावून खायची गोळी, ४ ग्रॅमचा, म्हणजे एकात २०० मिग्रॅ. तिच्या वजनाच्या कुत्र्याला जिथे हे देतात तिथे दिवसाला हजारच्या आसपास किंवा जास्तच देतात, म्हणजे ते डबल करूनसुद्धा निम्म्यालाही पोचत नव्हतं. बाकी बोस्वेलिया (सालई गुग्गुळ), हळद, शिंपल्यांची पावडर सगळं "स्पेशल ब्लेंड" या एकाच नावाखाली, कोणतं किती याचा पत्ता नाही. आणि डॉक्टर स्पष्ट म्हणाले की पूर्ण डोस दिला असता तरी ग्लुकोसामाईन-कॉन्ड्रॉइटिनचा पुरावा कमजोरच आहे. २०२२ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात याचा उपयोग दिसला नाही, त्यातल्या त्यात ओमेगा-३ बरं ठरलं.

मग इतके लोक "आमचा कुत्रा पळायला लागला" असं लिहितात ते काय सगळे खोटे? काही असतील पैसे देऊन लिहून घेतलेले. पण बरेच खरेही असणार आणि हीच तर गंमत आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी मिळालेल्या कुत्र्यांचे मालक अर्ध्याहून जास्त वेळा सुधारणा सांगत होते, पायावर भार किती पडतो ते मोजणारं यंत्र मात्र फरक नाही म्हणत होतं, आणि डॉक्टरांचे डोळेही त्यात फसले होते. शिवाय हे दुखणं मुळातच कमीजास्त होतं, आपण डबा मागवतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, त्यानंतर जरा बरं वाटलं की श्रेय डब्याला. म्हणून आता मी चिंगीचा व्हिडिओ काढते, तीच जागा, तीच वेळ, आणि जुना-नवा शेजारी ठेवून बघते.

उलट प्रकारही असतो, तो जास्त भयानक. एखादी "हर्बल" पावडर दोनतीन दिवसांत जादू करत असेल तर खूश होऊ नका. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, माणसांच्या सांधेदुखीच्या काही सप्लिमेंटबद्दल इशारा दिला होता, त्यात लेबलवर नसलेलं डायक्लोफेनॅक हे पेनकिलर आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलेलं. कुत्रा अचानक खूप पाणी प्यायला लागला, सारखी शू, सारखी भूक, धाप, किंवा काळी डांबरासारखी शी, तर डबा घेऊन लगेच डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा संशय असेल तर मनानेच एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. आणि आपल्या घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल तर अजिबात नको, माणसांच्या काही च्यूएबल गोळ्यांमध्ये झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो तोही कुत्र्यांना विषारी.

चिंगीचं कार्प्रोफेन परत सुरू आहे, फरशीवर न घसरणाऱ्या मॅट टाकल्यात, नखं वेळेवर कापतो, एकच लांब फेरी मारण्याऐवजी छोट्या छोट्या. आणि वजन, जे डॉक्टरांनी फुकटात सांगितलं होतं! ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर केलेला एक अभ्यास आहे, त्यात जोडी लावलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. हे कुठल्या डब्यावर छापणार, विकायला काही नाहीच ना त्यात.

त्या कंपनीचं पान आता बंद आहे. पण तोच लंगडणारा कुत्रा आणि त्याचा तोच धावतानाचा व्हिडिओ मला परवा दुसऱ्याच नावाच्या डब्याच्या जाहिरातीत दिसला, गॅरंटी या वेळी १२० दिवसांची. दिसला तर एवढंच विचारा, एका च्यूमध्ये कशाचे किती मिग्रॅ, आणि फोडलेल्या डब्याचे पैसे परत मिळतात का. मी विचारलं तर मला ब्लॉक केलं.