नवं ग्राफिक्स कार्ड आणि पुसट अक्षरं: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप साधा आहे: २४ इंची, १९२०×१०८० चा मॉनिटर, एचडीएमआय केबल आणि जुनं काढून बसवलेलं नवं कार्ड. गेम पहिल्या दिवसापासून झकास चालतात, पंख्याचा आवाज नाही, तापमानाची कुरकुर नाही. कार्डाबद्दल एवढं पुरे. तक्रार होती ती अक्षरांची. कार्ड बसवल्याबरोबर डेस्कटॉपवरचा मजकूर पुसट आणि पांढुरका दिसू लागला. दोष मात्र कार्डात नव्हता, ते मॉनिटरला टीव्ही समजत होतं.

१९२०×१०८० आणि ६० हर्ट्झ हा टीव्हीचाही ठरलेला मोड आहे. एचडीएमआयवर तो दिसला की ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टीव्हीला देतात तसा सिग्नल देऊ शकतो. मग रंगांची पातळी (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या) ०–२५५ ऐवजी १६–२३५ होते, आरजीबीच्या (लाल, हिरवा, निळा) जागी वायसीबीसीआर (उजेड आणि रंग वेगळे पाठवायची पद्धत) येतं, कधी चित्र आकसतं, तर कधी त्याच्या कडा कापल्या जातात. या प्रत्येकाची खूण वेगळी. म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी धूसर म्हणजे नेमकं कसं धूसर, ते ओळखा.

आधी स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर मोठा करून बघा. तिथे अक्षरं रेखीव असतील, तर गडबड चित्र तयार झाल्यानंतरची आहे: आउटपुट सेटिंग, कन्व्हर्टर किंवा मॉनिटर. स्क्रीनशॉटच धूसर असेल, तर विंडोजचं स्केलिंग (मजकूर मोठा दाखवायची सेटिंग) किंवा तो एखादा प्रोग्रॅम तपासा.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड, दोन्हीपुढे मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन हवं. आकडे जुळत नसतील, तर मधे कुठेतरी चित्र ताणलं किंवा दाबलं जातंय. कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसलं, तर ड्रायव्हरच बसलेला नाही.

चित्राभोवती काळी चौकट असेल, तर ते आकसलंय. कार्ड एएमडीचं असेल, तर त्याच्या ॲड्रेनलिन या सेटिंगच्या प्रोग्रॅममधला एचडीएमआय स्केलिंगचा स्लायडर शून्यावर आणा. चित्र फक्त ५ टक्के आकसलं, तरी १९२० पिक्सेल १८२४ मध्ये कोंबले जातात. देवनागरी मजकुरात हे लगेच कळतं: एका पिक्सेलची शिरोरेषा दोन करड्या ओळींत फाटते आणि अनुस्वाराचा टिंब विरघळतो. उलट टास्कबारची कड कापली जात असेल, तर मॉनिटरच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा. काही मॉनिटरवर त्यासाठी इनपुटला ‘पीसी’ असं नाव द्यावं लागतं.

निळ्यावर लाल अक्षरं फरकटलेली दिसली, तर रंगांची माहिती कापली जातेय. अशा कापणीचे दोन प्रकार आहेत: ४:२:२ मध्ये शेजारचे दोन पिक्सेल एकच रंग वाटून घेतात, ४:२:० मध्ये चार. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षरांच्या कडांना बारीक रंग लावतं, त्यामुळे पांढऱ्यावरचा काळा मजकूरही मार खातो. कार्ड एनव्हिडियाचं असेल, तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’मध्ये जा, ‘पीसी’ गटातलं रिझोल्यूशन घ्या, खाली आरजीबी आणि ‘फुल’ निवडून ॲप्लाय करा. एएमडीत पिक्सेल फॉरमॅट ‘आरजीबी ४:४:४, फुल’ ठेवा. मॉनिटरवरची ब्लॅक लेव्हल याच्याशी जुळली पाहिजे, नाहीतर काळा रंग राखाडी तरी दिसतो किंवा गडद भाग एकमेकांत मिसळून जातात.

मॉनिटरचा शार्पनेस वाढवून पुसटपणा झाकू नका. अक्षरांभोवती पांढरी कड येते आणि डोळे जास्त थकतात.

नवी केबल घ्यायची घाई तर नकोच. डिजिटल केबल खराब असली की ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो, अक्षरं धूसर होत नाहीत. अपवाद व्हीजीए (जुन्या ॲनालॉग जोडाच्या) कन्व्हर्टरचा: तिथे सिग्नल ॲनालॉग होतो, त्यामुळे मजकुराने भरलेलं पान पूर्ण पडद्यावर उघडून मॉनिटरचं ‘ऑटो ॲडजस्ट’ चालवावं लागतं. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ तोच वापरा, वरची बहुतेक कटकट उरत नाही. ४के मॉनिटरवाल्यांनी आणखी एक बघावं: एचडीएमआय २.० वर ६० हर्ट्झला ८ बिट आरजीबी मावतं, १० बिट मावत नाही. एचडीआर (जास्त उजेड आणि रंग दाखवणारा, सहसा १० बिटचा मोड) सुरू केल्यावर मजकूर बिघडला, तर आधी इथे बघा.

गेममध्ये हलतानाच चित्र धूसर होत असेल, तर तो वेगळा विषय. गेमच्या सेटिंगमध्ये रेंडर स्केल १०० टक्के आहे का आणि अपस्केलिंग (लहान चित्र काढून मोठं करणं) चालू आहे का, एवढं बघा.

सहा महिन्यांत मॉनिटरवरची सेटिंगं जशीच्या तशी राहिली. ड्रायव्हर ‘क्लीन इन्स्टॉल’ केला की मात्र रंगांची सेटिंगं मूळपदावर जातात आणि पांढुरकेपणा परत येतो. रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, कलर फॉरमॅट आणि रेंज, या चार नोंदी लिहून ठेवा. क्लिअरटाइपची जुळवणी सगळ्यात शेवटी करा. आधी केलीत, तर बिघडलेल्या चित्रावरून अक्षरं निवडली जातात आणि सिग्नल सुधारल्यावर तीच खटकतात.