दिल्लीत ग्रुप सायकल टूर: जुनी दिल्ली घ्यायची की नवी? दोन्ही केल्यात, सांगते

मावसबहीण मार्चमध्ये पुण्याहून येतेय, सोबत तेरा वर्षांचा मुलगा आणि मावशी, आणि तिचा मेसेज आलाय की गाइडबरोबर ग्रुपने सायकलवर दिल्ली दाखवतात ती टूर करायचीय पण सकाळ एकच मोकळी आहे, तर जुनी दिल्ली बुक करू की नवी. मी जुनी दोनदा केलीय आणि नवी एकदा, तर तिच्यासाठी लिहिता लिहिता सगळ्यांसाठीच लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. गाइडला पैसे द्यायचेच असतील तर ते जुन्या दिल्लीत द्या. नव्या दिल्लीत रस्ते रुंद, पाट्या ठळक, थोडं वाचून गेलात तर तुमचं तुम्ही फिरू शकता, तिथे खरी मजा सायकल चालवण्याची आहे. जुन्या दिल्लीत मात्र गाइड नसेल तर कुठल्या गल्लीत वळायचं हेच कळत नाही.

शहाजहानने राजधानी आग्र्याहून इथे आणली, 1639 ला काम सुरू झालं आणि 1648 ला लाल किल्ला उभा राहिला. त्या शहाजहानाबादच्या गल्ल्या अजून तेवढ्याच अरुंद आहेत, कार शिरतच नाही. पायी गेलात तर तीन तासांत चांदनी चौक आणि जामा मशीद एवढंच होतं आणि पाय दुखायला लागतात. सायकलवर तेवढ्याच वेळात तुर्कमान गेट, बल्लीमारान, खारी बावली आणि यमुनेचा घाटसुद्धा होतो, थंडीत घाटावर हजारो सीगल असतात, होडीवाले शेव टाकतात की सगळा थवा डोक्यावर येतो.

पण वेळ महत्त्वाची. चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी आहे, म्हणून लोकांना वाटतं 9 नंतर सायकलला बरं पडेल, पण तेव्हा माणसांचीच एवढी गर्दी होते की सायकल हातात धरून चालावं लागतं. पहाटे टेम्पो माल उतरवत असतात, त्यातून वाट काढावी लागते, तरी तीच वेळ बरी. आमची टूर साडेसहाला निघाली होती, आठ वाजता निघणारी कुणी देत असेल तर घेऊ नका.

खारी बावलीचं सांगायलाच हवं. मसाल्याचा घाऊक बाजार. गडोदिया मार्केटपाशी सायकली खाली लावल्या, एक मुलगा राखणीला बसला आणि गाइड आम्हाला अंधाऱ्या जिन्याने वर घेऊन गेला. वरून हमाल डोक्यावर पोतं घेऊन उतरतात, त्यांना भिंतीला चिकटून वाट द्यायची, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत अख्ख्या ग्रुपला ठसका लागलेला. आपल्याकडे डंकावर मसाला कुटायला घेऊन गेलं की लागतो ना, तसाच, पण त्याच्या दहापट. गच्चीवर पोचलं की एका बाजूला फतेहपुरीचा घुमट आणि खाली चौकात मिरच्यांची पोती. हे मी एकटी गेले असते तर मला कधीच दिसलं नसतं, तो जिना रस्त्यावरून लक्षातसुद्धा येत नाही.

लाल किल्ला फक्त बाहेरून दिसतो, टूर आत जात नाही. पण आपण मराठी माणसांनी आत जावंच. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चासाठी किल्ल्यातल्या दिवाण-ए-खास या दरबाराच्या छताचा चांदीचा पत्रा काढून वितळवला, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. ते छत मान वर करून बघताना मला फार भरून आलं होतं. सोमवारी किल्ला बंद असतो.

आता जुन्या दिल्लीचा त्रास. पहिल्या वेळी आम्ही चौदा जण आणि गाइड एकच. बल्लीमारानमध्ये मी मागे होते, मधे ई-रिक्षा घुसली, पुढचे कुठल्या कोपऱ्यावर वळले ते दिसलंच नाही. एका बंद चष्म्याच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभी होते, खरंच घाबरले होते. दुसऱ्या वेळी दुसऱ्यांकडे केली, सात जण, पुढे गाइड आणि शेवटी त्यांचा एक माणूस, आणि फरक जमीन-अस्मानाचा होता. त्यामुळे बुक करताना पहिला प्रश्न हाच विचारा, ग्रुपमध्ये किती जण आणि मागे माणूस असतो का. दुसरं, मुलांच्या मापाची सायकल आहे का. निघण्याआधी सीटची उंची नीट करून घ्या, दोन्ही ब्रेक दाबून बघा. नाश्ता बऱ्याचदा जामा मशिदीजवळ निहारी (मांसाचा रस्सा) आणि खमिरी रोटीचा असतो, शाकाहारी असाल तर आधी सांगा म्हणजे बेडमी पुरी आणि बटाट्याची भाजी मिळेल. मशिदीत जायचं तर पाय झाकलेले हवेत, हाफ पँट चालत नाही.

नव्या दिल्लीचं वेगळं. इंग्रजांच्या 1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवायचं जाहीर झालं, 1931 ला नव्या शहराचं उद्घाटन. इथे सायकलवरच कळणारी एक गोष्ट आहे. इंडिया गेटकडून कर्तव्य पथावर राष्ट्रपती भवनाकडे निघालात की समोर घुमट दिसत असतो, आणि जसजसे विजय चौकाच्या जवळ जाता तसतशी इमारत रायसीना टेकडीच्या चढामागे बुडत जाते, शेवटी घुमटाचा वरचा भागच उरतो. या चढावरूनच लट्यन्स आणि बेकर या दोन आर्किटेक्टांचं बिनसलं होतं. गाडीतून हे पटकन निघून जातं, सायकलवर डोळ्यांसमोर हळूहळू घडतं. वाटेत जंतर मंतर (1724 ची वेधशाळा) आणि अग्रसेन की बावली (पायऱ्यांची जुनी विहीर), ती तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनापासून जवळच आहे. आणि तालकटोरा, 1737 मध्ये थोरल्या बाजीरावांनी दिल्लीवर धडक मारली तेव्हा तिथेच तळ दिला होता. आमच्या गाइडने हे सांगितलं नाही, मीच सांगितलं, आणि ग्रुपमधल्या दोघी जर्मन बायका नंतर अर्धा तास मलाच प्रश्न विचारत होत्या.

वारही बघा. रविवारी खारी बावली बंद, मग जुन्या दिल्लीतलं सगळ्यात छान ठिकाणच हातचं जातं, उलट नव्या दिल्लीचे रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात. जानेवारीत 26 च्या तयारीमुळे कर्तव्य पथ बंद असतो, तेव्हा नवी दिल्ली नकोच. दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत हवा इतकी वाईट असते की तीन तास पॅडल मारू नये असं मला मनापासून वाटतं, मुलं सोबत असतील तर अजिबात नाही. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य एकदम बेस्ट.

कॉलेजनंतर सायकलला हातच लावला नसेल तर जुनी दिल्ली घेऊ नका, तिथे दर मिनिटाला पाय टेकावा लागतो, कुणी अंगावर येतं, कुत्री मधे येतात. नव्या दिल्लीत ते जमून जातं.

तर बहिणीला मी सांगितलंय, मंगळवार ते शनिवारमधला वार घे. तू आणि पोरगा साडेसहाची जुनी दिल्ली करा, तो पुण्यात शाळेत सायकलनेच जातो, त्याला गर्दीची सवय आहे. मावशीला सकाळी झोपू दे, दहाच्या सुमारास मी तिला घेऊन लाल किल्ल्याच्या लाहोरी गेटपाशी येते, मग चौघं मिळून किल्ल्यात जाऊ आणि परत येताना सायकल रिक्षाने चांदनी चौक तिलाही दाखवू. आणि तुम्हा दोघांसाठी मोठे रुमाल आण, त्या मिरचीच्या जिन्यावर लागतील.