एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स पूर्ण केल्यानंतरचा अनुभव, आणि ग्रुपवर उत्तरं मागणाऱ्यांना विनंती

जानेवारीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला आणि पहिलाच मेसेज आला, "भो, मागच्या असाइनमेंटची उत्तरं आहेत का कोणाकडे?" अजून एक लेक्चर उघडलेलं नाही! डोकं सणकलं म्हणून हे लिहायला बसले.

मी जुलैच्या बॅचला स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, एनपीटीईएलचा (आयआयटीवाले चालवतात तो) अकाउंटिंगचा कोर्स केला. शिकायला फुकट, परीक्षेला हजार रुपये, हे तर सगळ्यांना माहितीये. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा ऑनलाइन कोर्समधून मिळवता येतात, म्हणून आमच्या कॉलेजात भराभर नावं टाकली गेली. शिकवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, सर फार छान समजावतात, इंग्रजी जड गेलं तिथे मी स्पीड कमी करून पुन्हा ऐकलं.

राग आहे तो उत्तरांच्या स्क्रीनशॉटचा. दर बुधवारी संध्याकाळी कोणीतरी यूट्यूबवरून उचलून टाकायचं आणि बाकीचे तेच टिक करून मोकळे. स्वयमच्या ऑनर कोडमध्ये स्पष्ट आहे की उत्तरं स्वतःची हवीत आणि आपली दुसऱ्याला द्यायची नाहीत, पण ते कोणी वाचतच नाही. बरं, मार्कांचा हिशोब तरी बघा. असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५, आणि सर्टिफिकेटला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. माझ्या मैत्रिणीला असाइनमेंटमध्ये २४ होते, परीक्षेत आले २२. बेरीज ४६ झाली तरी सर्टिफिकेट नाही मिळालं. परीक्षा सेंटरवर जाऊन सगळ्यांसमोर द्यायची असते, तिथे ग्रुप कामाला येत नाही. तिची आई कापूस वेचायला जाते, किलोवर मजुरी मिळते, त्यातून फीचे हजार आणि वर गाडीभाडं काढलेलं. तिला स्क्रीनशॉट देणाऱ्यांना वाटत असेल आपण मदत केली. नाही केली. चॅटजीपीटीत प्रश्न टाकून उत्तर उचलणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

एका बाबतीत माझं मत बदललं. १२ पैकी चांगल्या ८ असाइनमेंटचेच मार्क धरतात हे कळल्यावर मला वाटलेलं की एवढी सूट कशाला, पोरं आळशी होतील. मग श्रावणात कानबाई आली, आपला देवीचा सण. आपल्याकडे रोटांच्या, म्हणजे या सणाच्या दिवसांत घरात किती माणूस असतं ते खान्देशातल्यांना सांगायला नको, त्या आठवड्यात पुस्तक उघडायचं कुठे आणि कधी? पुढे दसऱ्याच्या सुमारास वेचणी, कोणाकडे रात्रीची लाईट म्हणून शेतात पाणी भरायला जाणं. तर ही सूट आपल्यासारख्यांसाठीच आहे, ती अशा आठवड्यांसाठी राखून ठेवा, कंटाळा आला म्हणून पहिल्याच महिन्यात उडवू नका.

आणि बुधवारी रात्री ११:५९ ची वाट तर अजिबात बघू नका. डेडलाईनच्या आत कितीही वेळा सबमिट करता येतं, शेवटचं सबमिशन धरतात. मी रविवारीच जेवढं येतंय तेवढं सबमिट करून ठेवायचे, मग दोन दिवस अडलेले प्रश्न पुन्हा बघायचे, बदलून परत सबमिट. लाईट गेली, नेट गेलं, तरी काहीतरी जमा असतं. एवढी सोपी सोय आहे आणि तरी अर्धा ग्रुप बुधवारी रात्री "सर्व्हर चालत नाहीये" म्हणून रडत असतो, हे बघून जीव तुटतो.

लाईव्ह सेशनमध्ये कॅमेरा लावाच असं मी आधी म्हणायचे, आता म्हणत नाही, एका खोलीत पाच माणसं राहतात आणि दिवसाचा दीड जीबी पुरवायचा असतो. पण माईक बंद ठेवा आणि नाव स्वतःचं ठेवा. "रेडमी नोट" नावाने आलेल्या पोराला सरांनी हाक कशी मारायची? एकदा मागून कुकरच्या शिट्ट्या आणि भांडण ऐकू येत होतं, सर तीनदा थांबले.

प्रश्न विचारायचीही पद्धत असते. "सर आन्सर सांगा अर्जंट" याला काय उत्तर देणार कोणी? घसाऱ्याच्या एका गणितात मी अडले तेव्हा आठवडा कितवा, प्रश्न कितवा, मी कुठपर्यंत सोडवलं आणि कुठे अडकले असं सगळं लिहून पाठवलं. टीएंनी, म्हणजे कोर्सच्या सरांना मदत करणाऱ्यांनी, पायरी-पायरीने समजावून उत्तर पाठवलं, वर पुढचं लेक्चर कोणतं बघू तेही सांगितलं. कुठल्या लांबच्या आयआयटीतला माणूस आपल्यासाठी एवढं लिहितो, मला फार भरून आलं. कॉलेजच्या मेंटरकडून मात्र पूर्ण कोर्समध्ये परीक्षेची फी भरा एवढाच एक मेसेज आला, आणि तोही फॉरवर्ड केलेला.

मी या बॅचला कॉस्टिंगला नाव टाकलंय. मैत्रीणही पुन्हा बसतेय, आम्ही दोघी रविवारी सकाळी एकत्र लेक्चर बघणार आणि असाइनमेंट आपापली सोडवणार. कोणाला यायचं असेल तर सांगा. शंका कितीही विचारा, येतं तेवढं समजावून सांगेन, उत्तरं कोणी मागू नका.